आधी ओरडा, मग झेल

नेरूळला आमच्या घरातून डी. वाय. पाटील स्टेडियम दिसत नाही. मध्ये दोन टॉवर उभे आहेत आणि तिसऱ्याचं काम चालू आहे. सामना असेल त्या रात्री दिसतो तो नुसता उजेड, ढगांना खालून लागलेला. पण स्टेडियम ऐकू येतं, आणि वारा आमच्या बाजूचा असेल तर चांगलंच ऐकू येतं. २००८ साली पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना तिथे झाला तेव्हा आम्ही नुकतेच इथे राहायला आलो होतो. तो आवाज समुद्राचा असावा, अशी पहिला अर्धा तास माझी समजूत होती. पुढे २०२५च्या जानेवारीत कोल्डप्लेवाले आले, तेव्हा तीन रात्री त्यांची गाणी आमच्या वाळत घातलेल्या चादरींमध्ये येऊन अडकत होती. सासूबाईंनी विचारलं होतं, “कुणाची वरात गं ही एवढी मोठी?”

तर आमच्याकडे क्रिकेट आधी ऐकू येतं आणि मग दिसतं.

कुणी आउट झालं की स्टेडियमचा ओरडा दीड किलोमीटर हवेतून पायी निघतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. म्हणजे हायवेवरचे ट्रक, रिक्षांचे हॉर्न, सगळ्यांतून वाट काढत तो चार-साडेचार सेकंदांत आमच्या खिडकीत हजर. त्याच क्षणाचं चित्र मात्र छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन, उपग्रहाला शिवून खाली येतं. त्या शिवाशिवीत वेळ फारसा जात नाही, पाव सेकंद जेमतेम. वेळ जातो तो चित्राची घडी घालण्यात आणि पुन्हा उलगडण्यात. डिशवाल्यांच्या घरी ते काही सेकंदांनी पोचतं. आमची डिश मुलाने दोन वर्षांपूर्वी काढून टाकली आणि टीव्हीला वायफाय जोडून ॲप लावून दिलं. ॲपवर तेच चित्र आणखी तुकड्यातुकड्यांनी, कुठल्या कुठल्या सर्व्हरच्या रांगेत उभं राहून येतं. अर्धा मिनिट सहज जातो. पायी निघालेला वऱ्हाडी मांडवात बसून जेवतोय आणि विमानाने निघालेले अजून वाटेतच, अशी गत.

एका विकेटचे आमच्या वसाहतीत चार ओरडे होतात. पहिला स्टेडियमचा, तो खोल, पोटातून आल्यासारखा. दुसरा समोरच्या बी विंगचा, तिथे अजून बऱ्याच घरांत डिश आहे. तिसरा आमच्यासारख्या ॲपवाल्यांचा, तोही एकसंध नाही, पाचव्या मजल्यावर आधी आणि नवव्यावर मागून, ज्याच्या त्याच्या नेटच्या ऐपतीप्रमाणे. आणि चौथा खाली क्लबहाउसमधला. तिथे कुणाचा तरी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून पन्नासएक माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सामना बघत असतात. जगात घडून गेलेली गोष्ट त्यांना सगळ्यांत शेवटी कळते, आणि आनंद मात्र त्यांचाच सगळ्यांत मोठा असतो.

माझी पंचाईत अशी, की पडद्यावर बोलर रनअपला उभी असते आणि माझे कान खिडकीत. ओरडा आला की समजायचं, आता काहीतरी होणार आहे. काय ते कळत नाही. चौकार की विकेट, हे ओरड्याच्या पोतावरून ओळखायला मी शिकले आहे. चौकाराचा ओरडा चढत जातो, कारण बॉल सीमेपर्यंत जाईस्तोवर लोकांना आशा वाढवायला वेळ मिळतो. त्रिफळा उडाला तर एकदम फुटतो. झेलाचा मात्र विचित्र असतो. आधी सगळे श्वास रोखतात, त्या क्षणाची शांतताही आमच्यापर्यंत येते, आणि मग फुटतो. खिडकी लावून घ्यायची सूचना नवऱ्याने अनेकदा केली आहे. मी लावते. दोन ओव्हरनी उठून पुन्हा उघडते.

लालबागच्या आमच्या चाळीत असलं काही नव्हतं. तिथे ओरडा एकच होता.

१९८३च्या जूनमध्ये मी दहा वर्षांची होते. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला होता, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. वडील दिवसभर घरीच असत. घरी असलेला बाप ही आम्हा मुलांना सुरुवातीला गंमत वाटली, मग त्या गमतीचं ओझं वाटायला लागलं. चाळीत टीव्ही एकच, दुसऱ्या मजल्यावर बँकेत नोकरीला असलेल्या काकांकडे. लाकडी कपाटातला, सरकत्या दारांचा, कृष्णधवल, वर क्रोशाचा रुमाल. काकांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही. फक्त चपला बाहेर काढायच्या आणि पंखा फुल्ल करायचा नाही, एवढ्या दोनच अटी. पुढे आम्ही पोरं, मागे पुरुष, स्वयंपाकघराच्या दारात बायका, खिडकीच्या गजांना बाहेरून लटकलेली वरच्या मजल्यावरची मुलं, आणि गच्चीवर ॲन्टेना धरून एकजण. त्याला सामना दिसत नव्हता, पण त्याच्याशिवाय कुणालाच दिसला नसता. “आलं का?” “आलं, आलं, सोडू नको!” त्या माणसाने विश्वचषक जिंकताना ॲल्युमिनियमची कांडी हातात धरून नुसतं आभाळ बघितलं.

अंतिम सामन्यात भारत १८३. सगळे म्हणत होते, संपलं. वडील म्हणाले, “संपात बसलेल्या माणसाने लवकर आशा सोडू नये, आणि लवकर धरूही नये.” मग रिचर्ड्स आला आणि बॅट फिरवायला लागला. २८ चेंडूंत ३३, सात चौकार. मदनलालच्या चेंडूवर त्याने बॅट उंच फिरवली आणि कपिल देव पाठमोरा, सीमेच्या दिशेने धावत सुटला. बॉल त्याच्या खांद्यावरून मागे चाललेला, आणि तो त्याच्याबरोबर. तेवढा वेळ चाळ गप्प होती. मग जो ओरडा झाला तो काकांच्या खोलीतून, समोरच्या चाळीतून, पार गणेश गल्लीपर्यंत एकाच क्षणी झाला. तेव्हाच्या टीव्हीला घडी घालणं, उलगडणं माहीत नव्हतं. लंडनहून यायला काय वेळ लागला असेल तो असो, पण लालबागमध्ये सगळ्यांकडे एकदमच आलं. वडिलांनी मला उचललं. दहा वर्षांची घोडी झाले होते मी, तरी उचललं. संपाने बारीक झालेले त्यांचे दंड मला अजून आठवतात.

गंमत अशी की त्याच स्पर्धेतली कपिलची नाबाद १७५ची खेळी टीव्हीवर कुणीच पाहिलेली नाही. टनब्रिज वेल्सला त्या दिवशी कॅमेराच नव्हता. तरी आमच्या चाळीत निदान चार माणसं अशी होती, जी ती पाहिल्यासारखी सांगत. एकेका षटकाराची दिशा हाताने दाखवत. मी त्यांना खोटारडे म्हणणार नाही. रेडिओवर वाढलेली माणसं ती. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन कानांत मुरलेलं. पायचीत, धावचीत, यष्टिरक्षक, निर्धाव षटक हे शब्द त्यांच्या तोंडी भाजीपाल्याच्या नावांसारखे होते. ऐकून बघायची त्यांना सवय होती. आज मी खिडकीतल्या ओरड्यावरून झेल ओळखते तेव्हा वाटतं, ही विद्या तिकडचीच.

चाळीच्या गॅलरीत क्रिकेट आम्ही मुलीही खेळायचो. म्हणजे फिल्डिंग करायचो. कुणाच्या घरात बॉल गेला तर आउट, वन टप्पा आउट, आणि खालच्या आजींच्या वाळवणावर गेला तर आउट, शिवाय धपाटा. बॅटिंगचा नंबर यायच्या आत हाक यायची, “पाणी आलंय, ये वर.” पाणी नेमकं मुलींच्याच बॅटिंगला कसं यायचं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मी जन्मले त्या १९७३ सालीच बायकांचा पहिला विश्वचषक इंग्लंडमध्ये झाला होता, पुरुषांच्या दोन वर्षं आधी. आणि त्याच वर्षी पुण्यात बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली होती, तीन संघांची, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. मी गॅलरीत बादली धरून उभी होते तेव्हा माझ्या गावातल्या, माझ्या भाषेतल्या मुली रेल्वेच्या साध्या डब्यातून, किट डोक्याशी घेऊन खेळायला जात होत्या, आणि त्यांचा ओरडा माझ्यापर्यंत पोचायला एवढी वर्षं लागली. ॲपला उगाच नावं ठेवते मी.

आमच्या घरातला टीव्ही सासूबाईंचा. खरेदीची पावती कुणाच्याही नावावर असो. त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि संध्याकाळी सात ते दहा त्यांच्याशी मालिकेखेरीज कुठल्याही विषयावर बोलता येत नाही. ‘आभाळमाया’पासून त्या मालिका बघत आहेत. ‘चार दिवस सासूचे’ तर त्यांनी इतकी वर्षं बघितली, की त्या काळात आमच्याकडे दोन बारशी, एक मुंज आणि एक घटस्फोट झाला, मालिका चालूच. मी त्यांची थट्टा करायचे. तेच ते. दार उघडतं, दारात कुणीतरी उभं असतं, मग घरातल्या सात जणांचे चेहरे एकेक करून, प्रत्येकावर वीज कडाडते, आणि दारात कोण आहे ते उद्या. त्या म्हणायच्या, “चेहरेच तर बघायचे असतात. दारात कोण आहे ते आम्हाला परवाच्या प्रोमोत कळलेलं असतं.”

हे मला त्या वेळी नीट कळलं नव्हतं.

२०२५चा महिला विश्वचषक सुरू झाला तेव्हा घरात तह झाला. भारताचा सामना असेल त्या दिवशी मोठा टीव्ही माझा, आणि सासूबाईंनी मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी बघायची, ॲपवर असतेच ती. या तहाला त्या एकाच कारणाने तयार झाल्या. त्यांचं माहेर सांगलीचं, आणि स्मृती मानधना सांगलीत वाढलेली. “आमच्याकडची पोरगी आहे, बघू तरी काय करते,” असं म्हणून त्या बसल्या आणि पहिल्याच आठवड्यात माझ्याहून जास्त गुंतल्या. अर्थात त्यांच्या पद्धतीने. धावसंख्येत त्यांना रस नाही. त्यांना हवं असतं ते कोण कुणाकडे कसं बघतंय. थर्ड अंपायरकडे निर्णय गेला, तोच चेंडू चार बाजूंनी पुन:पुन्हा, मध्ये बॅटरचा चेहरा, बोलरचा चेहरा, प्रेक्षकांतली एक बाई डोळे मिटून, पुन्हा चेंडू, आवाजाच्या रेघा वरखाली, आणि निर्णय अजून नाही. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आता बोल. आमच्यात निदान वीज तरी कडाडते.”

साखळीत भारत लागोपाठ तीन सामने हरला, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडशी. मी चिडून टीव्ही बंद केला. सासूबाई शांत. त्यांच्या मते आता कुठे रंग भरायला लागला होता. नायिकेला घरातून बाहेर काढल्याशिवाय महाएपिसोड होत नसतो, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव.

आणि उपांत्य सामन्यात, ३० ऑक्टोबरला, त्यांचं खरं ठरलं. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा. एवढ्या धावांचा पाठलाग बायकांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये आधी कुणी केलेला नव्हता. जेमिमा रॉड्रिग्ज, आपली मुंबईची, याच स्पर्धेत एका सामन्यासाठी संघाबाहेर बसलेली. तिसऱ्या क्रमांकावर जायचंय हे तिला जेमतेम पाच मिनिटं आधी समजलं. ती नाबाद १२७ करून उभी राहिली, कर्णधार हरमनप्रीतने ८९ केल्या, नऊ चेंडू राखून सामना खिशात. खिडकीतून शेवटच्या पाच ओव्हर ओरडा थांबलाच नाही, त्यामुळे आधी-नंतर काही समजायला वावच नव्हता. मग जेमिमा माइकसमोर आली आणि रडायला लागली. रोज रडत होते, असं सांगायला लागली. मनावरचं दडपण, आईला फोन. लाखो लोकांसमोर, घामाने चिकटलेल्या केसांनी. सासूबाई पुढे सरकून बसल्या. आयुष्यभर टीव्हीवर ग्लिसरिनचं रडणं बघितलेल्या त्या बाईने खरं रडणं पहिल्या झटक्यात ओळखलं. “ही नाक पुसतेय बघ,” त्या म्हणाल्या. “मालिकेत कुणी नाक पुसत नाही.”

त्यांना मी प्रशिक्षक दाखवला. अमोल मुझुमदार. मग त्याची गोष्ट सांगणं भागच होतं. १९८८, शारदाश्रम शाळा, हॅरिस शिल्ड. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी खेळायला उतरले आणि ६६४ धावांची अभेद्य भागीदारी करून परत आले. पुढचा नंबर याचा. पॅड बांधून हा बसला तो बसलाच. पुढे रणजीत मुंबईकडून पहिल्याच सामन्यात २६०, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, तीस शतकं, आणि भारताकडून सामने किती? एकही नाही. ज्या काळात तो खेळला त्या काळात भारताच्या मधल्या फळीत जागाच रिकामी होत नव्हती. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पॅड सोडले का गं त्याने अजून?” मला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही.

बातम्यांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण अंतिम सामन्याआधीच्या दोन दिवसांत आम्ही त्या फार बघितल्या. वृत्तवाहिन्यांवर तोवर या मुली कुठे होत्या, कोण जाणे. खालच्या पट्टीत होत्या, ट्रॅफिक आणि पावसाच्या मध्ये. आता एकदम ‘वाघिणी’, ‘रणरागिणी’, ‘नारीशक्ती’. पडद्याच्या सहा चौकटींत सहा माणसं, प्रत्येक चौकटीत एक आवाज, आणि सगळे एकाच वेळी, इथे बरं उशीर होत नाही. मला हे शब्द ऐकले की कसंसंच होतं. पुरुष जिंकले की ‘भारत जिंकला’, आणि बायका जिंकल्या की ‘लेकींनी नाव काढलं’. लेक घरातली असते, तिच्याकडे लाडाने बघतात. खेळाडूकडे बघताना तिचं फुटवर्क बघायचं असतं. आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले आणि महिलांच्या प्रीमियर लीगचे ९५१ कोटींना, हा हिशेब रणरागिणीच्या पुढे-मागे कुणी लावत नाही. पण ९५१ कोटी हेही, बादली धरून उभं राहणाऱ्या माझ्यासारखीला ऐकून थोडा वेळ खाली बसायला लावणारं आहे, तेही खरं.

मग तो रविवार आला, २ नोव्हेंबर. तिकिटं मिळाली नाहीत. दीड किलोमीटरवर राहून मिळाली नाहीत. वेबसाइटवर नवरा रांगेत होता, रांग पुढे सरकत होती, आणि त्याचा नंबर आला तेव्हा तिकिटं संपलेली. तेव्हा मला गॅलरीतल्या पाण्याची आठवण झाली. सकाळी सासूबाईंनी देवघरातला गणपती उचलला, पितळेच्या पातेल्यात ठेवला आणि वर पाणी ओतलं. देव पाण्यात. माझ्या माहेरी संप मिटावा म्हणून आईने देव पाण्यात ठेवले होते, ते किती दिवस राहिले ते विचारू नका. मी म्हटलं, “आई, मॅचसाठी?” त्या म्हणाल्या, “मॅचसाठी नाही. त्या पोरींसाठी. आणि तो मुझुमदार.”

दुपारी पाऊस आला. तो तेवढा स्टेडियमवर, बी विंगवर आणि आमच्यावर एकाच वेळी आला. तीनला सुरू व्हायचा सामना पाचला सुरू झाला. नवरा खाली क्लबहाउसमध्ये गेला, कारण त्याच्या मते उपांत्य सामना त्याने तिथे बसून जिंकून दिला होता, तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी. त्याच खुर्चीवर बसायला तो दीड तास आधी गेला. बंगळूरच्या मुलाला मी सांगून ठेवलं, काहीही झालं तरी मेसेज करायचा नाही. त्याच्या नेटला काय वेग आहे, देव जाणे, आणि देव पाण्यात.

शफाली वर्मा. ही मूळ संघातही नव्हती. प्रतिका रावलचा पाय दुखावला म्हणून ऐनवेळी बोलावली. तिने ८७ केल्या. स्मृती ४५वर गेली तेव्हा सासूबाईंनी ‘च्’ केलं, पण “सांगलीची आहे, तेवढ्यात समाधान मानणारी नव्हे,” असंही म्हणून घेतलं. दीप्ती शर्माच्या ५८. एकूण २९८. मग दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वॉल्वार्ट खेळत राहिली, न चिडता, न घाई करता, एखाद्या शहाण्या थोरल्या जावेसारखी. ती होती तोवर स्टेडियमचा ओरडा दबलेला होता. शफालीने बोलिंगलाही येऊन दोन विकेट घेतल्या, हे मी स्वप्नातही धरलं नव्हतं. वॉल्वार्टने शतक केलं. आणि मग खिडकीतून एक असा ओरडा आला, की मला त्याचा पोतच लागेना. सुरू झाला, तुटला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा तुटला, आणि मग फुटला. अर्ध्या मिनिटाने पडद्यावर कळलं. वॉल्वार्टचा झेल अमनजोत कौरच्या हातातून सुटला, पुन्हा उडाला, पुन्हा सुटला, आणि तिसऱ्या खेपेला तिने तो धरला. ओरड्याने सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं. मला वाचता आलं नव्हतं, एवढंच.

बारा वाजायला आले. वसाहतीत एकही दिवा मालवलेला नव्हता. ४६वी ओव्हर, नववी विकेट गेलेली, डी क्लर्क अजून उभी. सासूबाईंनी पाय वर घेतलेले, हातात जपमाळ, पण मणी पुढे सरकत नव्हते. मी उठून खिडकीशी गेले. पाऊस थांबून गार वारा सुटला होता, बरोबर आमच्या दिशेने.

पडद्यावर दीप्ती आधीच्या चेंडूनंतर बॉल पुसत होती. आणि बाहेर श्वास थांबला. मला ती शांतता ऐकू आली. हजारो माणसं एकदम गप्प झाल्याची, कपिल पाठमोरा धावत होता तेवढ्या लांबीची. मग तो ओरडा आला. तसा मी त्या स्टेडियमकडून आधी कधी ऐकला नव्हता. तो थांबेचना. त्याच्या मागून बी विंग फुटली. कुणीतरी थाळी वाजवायला लागलं. पहिला फटाका.

सासूबाईंना एका कानाने कमी ऐकू येतं, आणि तो कान खिडकीकडे होता. त्यांनी मान वर केली. “काय गं, फटाके कसले?”

“तुळशीचं लग्न आहे ना आज,” मी म्हटलं. ते खरंच होतं.

“हो की,” म्हणून त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या.

मी पडद्याकडे पाहिलं नाही. त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चष्म्यात हिरवं मैदान उभं होतं, लहानसं, दोनदा. दीप्ती निघाली. सासूबाईंचे ओठ हलत होते. डी क्लर्कने बॅट फिरवली. त्यांचा हात वर आला, हवेतच राहिला. चष्म्यातली हरमनप्रीत मागे मागे धावायला लागली, पाठ आमच्याकडे, बॉल तिच्या डोक्यावर. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले आणि लगेच उघडले. चेहरेच तर बघायचे असतात.

“धरला!” त्या म्हणाल्या. “अगं, धरला तिने! बघितलास का?”

“बघितला,” मी म्हटलं.

पडद्यावर मुली एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या. हरमनप्रीत वाकून मुझुमदारच्या पाया पडली, आणि त्या चौकटीत सासूबाईंनी बोटाने त्याचे पाय दाखवले. “बघ, सोडले,” म्हणाल्या. तेवढ्यात खालून, क्लबहाउसमधून, चौथा ओरडा वर आला, खुर्च्या पडल्याच्या आवाजासकट, आणि पाठोपाठ नवऱ्याचा फोन. “जिंकलो! अगं, आत्ता, या क्षणाला जिंकलो! तुमच्याकडे दिसलं का अजून?”

सासूबाई उठल्या होत्या, भिंतीला धरून देवघराकडे निघाल्या होत्या. “फोन ठेव आधी,” त्या म्हणाल्या, “आणि देवाला बाहेर काढ. सकाळपासून पाण्यात आहे, गारठला असेल.”

मी पातेल्यात हात घातला. पाणी खरंच गार होतं. गणपतीला पंचात घेऊन पुसताना माझ्या मनात आलं, की याला अर्धा मिनिट आधी बाहेर काढता आलं असतं.